बिनचिठ्ठीची शाल

भिंगरीबरोबर खरेदीला जायचं म्हणजे पिशव्या आपण धरायच्या, पाय आपले दुखवायचे आणि 'हा रंग कसा वाटतो गं?' या प्रश्नाला दर दुकानात नव्याने उत्तर द्यायचं. उत्तर तिला ऐकायचं नसतंच. चाळीस वर्षं शिक्षिका आणि शेवटी मुख्याध्यापिका होती, तिला फक्त समोर वर्ग लागतो. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तिला भिंगरी हे नाव मीच ठेवलं. तिने माझं नाव ठेवलं सुई. मी पुढे खरोखरच रफूचं दुकान काढलं तेव्हा ती महिनाभर हसत होती.

तर एका गुरुवारी सकाळी सातच्या बसने आम्ही नदीकाठच्या जुन्या गावाला निघालो. तिने घराला रंग दिला होता आणि आता जुने पडदे तिच्या डोळ्यांत खुपत होते. त्या गावात कापड चांगलं मिळतं म्हणे. मला काही घ्यायचं नव्हतं, पण भिंगरी जाते आणि मी जात नाही असं कधी झालेलं नाही.

अर्धा रस्ता ती पडद्यांवरच बोलत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धाकटी रविवारी चालली."

धाकटी म्हणजे तिची बहीण. मी विचारलं, "कुठे?"

"मुलाकडे, परदेशात. कायमची. घर विकलं तिने. निरोप आलाय, रविवारी सकाळी निघते, ताई, एकदा येऊन भेट."

"मग जाणार ना?"

"आईची शाल समोर आणून ठेव म्हणावं, येते." भिंगरीने पर्स मांडीवर आपटली. "दोन वर्षं झाली. चोरीची कबुली नाही, माफी नाही, आणि म्हणे येऊन भेट!"

 बसमध्ये गार वारा येत होता आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. कारण ती शाल धाकटीने चोरलेली नव्हती. ती मी घालवली होती, आणि ते मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

सगळं सांगते. माझ्या दुकानात काम आलं की मी दोन चिठ्ठ्या करते. दोन्हींवर एकच आकडा असतो. एक कपड्याला टाचायची, दुसरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. वर्षभर कोणी न्यायला आलं नाही तर फडताळ रिकामं करून माल जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला द्यायचा. माझ्या वडिलांपासून ही पद्धत आहे आणि ती चुकत नाही. चुकतो तो फक्त आमचा एक लाड, की घरच्या माणसाला चिठ्ठी द्यायची नाही. घरच्यांना कसली आलीय चिठ्ठी! चिठ्ठी दिली तर माणूस रागावतं.

भिंगरीच्या आईने, म्हणजे काकूंनी, आजाराच्या आधी शेजारणीबरोबर माझ्याकडे एक शाल पाठवली. शेजारीण म्हणाली, "तुमच्या घरच्यांचीच आहे हो, सांभाळून करा, कोणाला तरी द्यायची आहे." मी तिला ओळखत नव्हते, तिने नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हातात चार कामं होती. घरचीच आहे ना, मग येईल घरचं माणूस न्यायला, असं म्हणून मी चिठ्ठी न करता शाल आत ठेवली. भिंगरीच्या आजीची ही शाल काकू पेटीत जपून ठेवायच्या, मी ती कधी पाहिली नव्हती. रफू केला, घडी घातली, फडताळात ठेवली आणि विसरले. मला माणसं लक्षात राहत नाहीत, भोकं राहतात. काकू अंथरुणाला खिळल्या, शाल मागायचं कोणाच्या ध्यानीमनीही नाही. वर्ष झालं, फडताळ रिकामं केलं, शाल व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात गेली. त्यानंतर महिनाभराने काकू गेल्या.

आठवड्याने दोघी बहिणी आईची पेटी उघडून बसल्या. नातेवाईक होते, मीही होते. पेटीत शाल नव्हती. शेवटचं वर्षभर काकूंजवळ धाकटी राहिली होती, पेटीची किल्ली तिच्याकडे होती. भिंगरी म्हणाली, "किल्ली तुझ्याकडे, मग आजीची शाल गेली कुठे?" धाकटी म्हणाली, "मला नाही माहीत." शब्दाने शब्द वाढला. धाकटीची कापडी पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, ती घरी निघाली होती. आणि मी, मला कोणी सांगितलं नव्हतं, उठले, ती पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर उपडी केली.

शाल नव्हती. किरकोळ सामान होतं. धाकटीने बहिणीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि निघून गेली. तरी भिंगरी म्हणाली, "आधीच हलवली असणार." मीही मान डोलावली.

पंधरा दिवसांनी शेजारीण दुकानात आली आणि सहज म्हणाली, "काकूंची ती शाल मिळाली ना हो त्यांच्या मुलींना?"

त्या क्षणी मला कळलं. आणि मी म्हटलं, "हो, मिळाली की."

एवढं एकच वाक्य. मग व्यापाऱ्याकडे धावले, तर त्याने गठ्ठा पुढे विकलेला. त्या दिवशी संध्याकाळी भिंगरीला सांगायला निघाले होते. तिच्या दारापर्यंत गेले, आणि पिशवी उपडी करणारे माझेच हात मला दिसले. परत फिरले. नंतर रोज ठरवायचं आणि रोज अळीमिळी गुपचिळी. तिला कधी ताकास तूर लागू दिली नाही. नवरा नाही, मूल नाही, भाऊ दूर. भिंगरी गेली तर माझं आहे कोण, ही भीती होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि चोर दर शनिवारी संन्याशाच्या बहिणीकडे चहा पीत होता.

गावात पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. पूर्वी इथे नदीतून मालाच्या होड्या यायच्या. काठाला दगडी गोदामांची लांबच लांब ओळ आहे, आता त्यांत दुकानं आहेत. भिंतींत होड्या बांधायच्या जाड लोखंडी कड्या अजून आहेत, त्यांना दुकानदारांनी पर्सा आणि छत्र्या अडकवल्यात. दारं इतकी बुटकी की भिंगरीने पहिल्याच दुकानात कपाळ आपटून घेतलं आणि दुकानदारालाच दम भरला, "पाटी लावा ना, 'डोकं सांभाळा' म्हणून!" तो म्हणाला, "बाई, पाटी आहे, तुमच्या डोक्यावरच आहे." मी हसले. हसू आलं याचंच मला बरं वाटलं.

चौथ्या दुकानात पडद्याचं कापड मिळालं, राखाडी, बारीक पांढऱ्या रेघांचं. मी उजेडात धरून वीण पाहिली, चांगली घट्ट होती. दुकानदाराने आठ मीटर मोजून कापलं. भिंगरी खूश झाली. पुलाजवळ चहा घेताना म्हणाली, "काय गं सुई, आज तुझं तोंड सुकलेलं का?"

"ऊन लागलं."

"सावलीत बसलोय आपण."

मी कप उचलला. तिने विषय सोडला. ती माझ्या तोंडाकडे बघत नाही असं मला वाटायचं, पण ती बघते.

परतीच्या बसला अजून दोन तास होते. "त्या टोकाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात डोकावू," भिंगरी म्हणाली. शेवटचं गोदाम होतं ते. आत पितळी दिवे, तडे गेलेले आरसे, घड्याळं, आणि मागच्या भिंतीशी दोरीवर जुने कपडे. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. नमस्कार करून पुन्हा आपल्या घड्याळात डोकं घालून बसला. मी दिवे बघत होते. भिंगरी मागे गेली आणि तिथून ओरडली, "अगं इकडे ये, लवकर!"

ती दोरीवरची एक जांभळी शाल हातात धरून उभी होती. काठाला करड्या रंगाची बारीक वेलबुट्टी.

"आजीची अगदी अश्शीच होती," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हाच रंग, हीच बुट्टी. माझ्या तर अंगावर काटा आला बघ."

मी पाहिलं आणि ओळखलं. कोपऱ्यापासून चार बोटं आत. तिथे बदामाएवढं जळकं भोक होतं. कडेची शिवण उसवून तिच्यातूनच धागे काढले होते, कारण त्या रंगाची लोकर कुठे मिळेना. उभे धागे आधी, मग आडवे, भिंग डोळ्याला लावून सहा दिवस. वरून बघाल तर जन्मात सापडणार नाही.

भिंगरी कोपरे चाचपत होती. एक, दोन, तीन, चार. उजेडात नेऊन पुन्हा पाहिले. मग तिचे खांदे पडले. "नाही, ही नाही. आजीच्या शालीला कोपऱ्यात भोक होतं. मी आठवीत असताना इस्त्री ठेवली होती मीच. आई रागावली नव्हती, म्हणूनच ते लक्षात आहे." तिने शाल दोरीवर टाकली. "ही अख्खी आहे."

सुंठीवाचून खोकला गेला. खरं सांगते, पहिल्यांदा मला तेच वाटलं, सुटले! माझ्याच हातच्या कामाने मला वाचवलं होतं. आता दिव्यांच्या दोन गोष्टी बोलायच्या, बस पकडायची, रविवार जाऊ द्यायचा. मग धाकटी समुद्रापलीकडे असेल, आणि हा विषय कोणी काढणार नाही.

"चल," मी म्हणाले.

पण भिंगरी हलेना. पुन्हा शाल काढून खांद्यावर घेतली, तडा गेलेल्या आरशात पाहिलं. "घेऊन टाकू का गं? आजीची नाही तर नाही. निदान पेटीत काहीतरी असेल."

म्हाताऱ्याने मान वर केली. "घ्या बाई. अख्खा माल आहे, कुठे सांधलेलं नाही, रफू नाही."

"थांबा, आमच्याकडे तज्ज्ञ आहेत," भिंगरी म्हणाली आणि शाल माझ्या हातात दिली. "बघ गं सुई. कुठे रफू आहे का? तू सांगशील ते खरं."

मी आयुष्यात माणसांशी खोटं बोलले आहे. शेजारणीशी बोलले, भिंगरीशी न बोलून बोलले. पण हातात कापड देऊन कोणी विचारलं आणि मी खोटं सांगितलं असं झालेलं नाही. 'आहे' म्हणायचं की 'नाही', दोनच शब्द होते. मी उभी राहिले. इतका वेळ उभी राहिले की म्हाताऱ्याने चष्मा डोळ्यांवर ओढला.

मग मी शाल उलटी केली. भिंगरीचा हात धरला आणि तिचं बोट त्या जागेवर ठेवलं.

"इथे," मी म्हणाले. "हळू फिरव. किंचित जाड लागतं बघ. शेवटचा धागा मी कापत नाही, वळवून आत घालते. वडिलांनी तसंच शिकवलं. हा माझा रफू आहे. बदामाएवढं जळकं भोक होतं इथे."

भिंगरीचं बोट थांबलं. आधी तिला आनंदच झाला. चेहरा उजळला तिचा, ते मला विसरता येत नाही. "म्हणजे आजीचीच! अगं, म्हणजे धाकटीने इथे विकली..." आणि मग ती थांबली. शिक्षिका होती, गणित सोडवायला वेळ लागला नाही. "तुझा रफू कसा?"

मी सांगितलं. शेजारीण, चिठ्ठी, फडताळ, व्यापारी. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि भिंगरी मध्ये बोलत नाही याची मला जास्त भीती वाटली.

"तुला कळलं कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"कशाच्या पंधरा दिवसांनी?"

"पिशवी उपडी केल्यावर पंधरा दिवसांनी."

ती तिथल्या एका जुन्या खुर्चीवर बसली. शाल मांडीवर. म्हातारा हळूच उठून बाहेर गेला.

"आईला ती कोणाला द्यायची होती?"

"माहीत नाही. शेजारीण म्हणाली, कोणाला तरी द्यायची आहे. मी विचारलं नाही."

"भोक कुठे, केवढं, कोणत्या धाग्याने भरलं, सगळं पाठ आहे तुला," भिंगरी म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि हे विचारलं नाहीस. धाकटीलाच द्यायची असेल. वर्षभर तिनेच तर केलं आईचं. मी रविवारी रविवारी जाऊन बसायचे फक्त."

"माझं चुकलं, भिंगरी."

"चुकलं ते शाल गेली तेव्हा. दोन वर्षं गप्प बसलीस त्याला चुकलं म्हणतात का?" ती उठली. "मी तिला चोर म्हणत होते आणि तू माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होतीस."

 तिने बाहेर जाऊन म्हाताऱ्याला पैसे दिले, भाव केला नाही, आणि दुकानामागच्या पायऱ्यांनी खाली नदीकडे गेली. पडद्याची पिशवी उचलून मी मागे गेले. खालच्या पायरीपाशी ती फोन काढून उभी होती. स्पीकर लावला तिने. तिकडे एकच घंटा झाली असेल नसेल.

"ताई?" धाकटीचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? बरी आहेस ना तू? ताई, बोल ना!"

दोन वर्षांत पहिला फोन, आणि तिच्या मनात आधी आलं ते हे.  भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिने फोन माझ्यासमोर धरला. "तू सांग. तुझ्या तोंडाने सांग."

"ताई बरी आहे," मी म्हणाले. "मी बोलतेय. सुई."

 मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि या वेळी शेजारणीला मारलेली थापही वगळली नाही. नदीत एक माणूस होडीतलं पाणी डब्याने उपसत होता, त्याच्याकडे बघत मी बोलत राहिले. धाकटीला सायकल मी शिकवली होती. ती मला अगं-तुगं करायची.

"शाल ताईकडेच राहू द्या," धाकटी शेवटी म्हणाली. "मला सामानात जागा नाही. पण तुम्हाला एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी माझ्या पिशवीत आईचा कंगवा होता. लाकडी, दोन दात तुटलेला. रोज त्यानेच मी तिचे केस विंचरायचे. त्यात तिचे केस अडकलेले होते, ते मी मुद्दाम काढले नव्हते. घरी जाऊन पाहिलं तर पिशवीत नाही. परत यायची सोय नव्हती. तिथेच जमिनीवर राहिला असेल ना? तुम्ही ठेवलात का कुठे?"

मला आठवलं. ती गेल्यावर झाडू मीच मारला होता. पेटीखाली एक जुनाट कंगवा सापडला होता, पांढऱ्या केसांचा गुंता असलेला. केसांना हात लागू नये म्हणून मी तो कागदात धरून उचलला होता.

"टाकला," मी म्हणाले. "कचऱ्यात टाकला गं मी."

 धाकटी रडली नाही, निदान मला ऐकू आलं नाही. भिंगरीने फोन माझ्यासमोरून काढून घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. "मी येतेय," ती म्हणाली. "रविवारी नाही, आत्ता. इथून दुसरी बस आहे. हो, एकटीच."

फोन ठेवून तिने शाल घडी करून छातीशी धरली.

"मी स्टँडपर्यंत येऊ?" मी विचारलं.

"नको."

"आणि पडदे?"

तिने पिशवीकडे पाहिलंही नाही. दगडी पायऱ्या चढायला लागली. पायऱ्या उंच होत्या आणि बाजूला धरायला काही नव्हतं. दोनदा ती धापा टाकत थांबली. दोन्ही वेळा मी हात पुढे केला होता, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.